अकराच फ्लॅट शिल्लक

पावणेदोन महिन्यांनी आईच्या तोंडून पहिल्यांदा शब्द फुटले, ते असे: "फक्त अकराच फ्लॅट शिल्लक." बुद्धरत्न खाली बसून तिच्या उजव्या पायात मोजा चढवत होता. रविवारची सकाळ होती, मोशीच्या त्या नवव्या मजल्यावर गॅलरीतून ऊन थेट कॉटपर्यंत आलं होतं. त्याचा हात मोज्यातच राहिला. आधी त्याला नुसता आवाज ऐकू आला. तो आईचाच होता, तोच, जरा घोगरा, शेवटाला किंचित वर जाणारा. त्यानं भाग्यश्रीला हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं, आणि मग मागून शब्द पोचले. आई त्याच्याकडे बघत होती. अर्धांगाच्या झटक्यानं चेहरा एका बाजूला ओघळलेला, पण डोळे लख्ख, काही विचारून झाल्यावर माणूस उत्तराची वाट बघतो तसे. तो काहीच बोलेना म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, जरा हळू, समजावल्यासारखं. "फक्त अकराच फ्लॅट शिल्लक." स्वयंपाकघरातून भाग्यश्री कणकेच्या हातांनीच धावत आली. "आई बोलल्या? अहो, आई बोलल्या ना आत्ता?" असं म्हणत ती रडायलाच लागली. बुद्धरत्नच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. त्यानं मोजा तसाच अर्धवट सोडला आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

कुठलं वाक्य होतं हे त्याला विचारायची गरज नव्हती. खाली लॉबीत लिफ्टच्या शेजारी गेल्या वर्षी एक स्क्रीन बसवली होती. मेंटेनन्स थोडा कमी होतो म्हणून सोसायटीनं घेतलेली. तिच्यावर एक हसरी पोरगी हात पसरून उभी राहायची, आधी तीन सूर वाजायचे, टिंग टिंग टिंग, आणि मग ती हे म्हणायची. वर्षभर अकराच. एकही फ्लॅट कमी झाला नाही की वाढला नाही. बुद्धरत्न रोज जातायेता ते ऐकायचा आणि ऐकायचा नाहीही, कानावरून घरंगळून जायचं. ते कुठे जाऊन साचतं याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. आणि साचलं कुठे, तर या बाईच्या तोंडात. पिंपरीला रुळांलगतच्या वस्तीत ते राहायचे तेव्हा गिरजाबाई म्हणजे अख्ख्या वस्तीचा आवाज होता. बाप औषधाच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करायचा, आणि आई चार घरची भांडी घासून संध्याकाळी विहारात महिला मंडळाबरोबर गायला बसायची. जयंतीला गाडीवर उभी राहून गायली की माइक लागायचा नाही. अक्षरओळख सहीपुरती. वही नाही, कागद नाही, शेकडो गाणी, पाळणे, पालीतली वंदना, कोणाच्या लग्नात कोण कोणाला काय म्हणालं तेसुद्धा, सगळं तोंडात. भांडायला लागली तर शिव्यासुद्धा चालीत द्यायची, आणि ज्याला दिल्या तोच हसत घरी जायचा. डॉक्टर म्हणाले, डाव्या मेंदूला धक्का बसलाय, भाषेचा भाग गेलाय, काही काही कोपरे वाचतात. वाचला तो कोपरा त्या पोरीचा. स्वतःच्या आईचं तोंड कोणीतरी भाड्यानं घेतलंय आणि आपल्याला विचारलंसुद्धा नाही, असं त्याला वाटलं आणि गॅलरीच्या गजांवर त्यानं मूठ आपटली.

तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. गाडीचे ब्रॅकेट बनायचे तिथे, आणि माल परत आला की त्याला 'व्हाय-व्हाय' भरायला लागायचा. कागदावर पाच रेघा. दोष का आला, ते तसं का झालं, तेही का, असं पाच वेळा विचारत खाली जायचं म्हणजे मूळ कारण सापडतं. लाइनवरची माणसं तिसऱ्या रेघेवर 'ऑपरेटरची चूक' लिहून मोकळी व्हायची, आणि बुद्धरत्न ते कागद त्यांच्या अंगावर फेकायचा. "तिसऱ्यावर थांबता कसं राव? तिसऱ्यावर नेहमी दुसऱ्याचं नाव येतं." हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. सोमवारी कँटीनमध्ये जेवण बाजूला सारून त्यानं एका कोऱ्या व्हाय-व्हायवर लिहायला घेतलं. आई ते वाक्य का बोलते? तेच डोक्यात बसलंय. का बसलं? रोज ऐकत होती. का ऐकत होती? लिफ्टसमोर स्क्रीन आहे. पुढे त्यानं लिहिलं: उपाय, स्क्रीन बंद करणे. खाली सही केली, तारीख टाकली. मन जरा थंड झालं. संध्याकाळी लॉबीत उभं राहून त्यानं मोबाइलवर वेळ लावली. नव्वद सेकंदांत सगळ्या जाहिराती फिरून पुन्हा फ्लॅट. आई सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात त्या लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसायची हे वॉचमननं सांगितलं. म्हणजे दिवसाला दोनशे चाळीस वेळा. त्यानं तो आकडा तळहातावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला दाखवत सुटला.

एकदा डोळा उघडला की मिटता येईना. मोशीहून चाकणला जाताना नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना आजवर काय काय लटकत होतं ते त्याला आत्ता दिसायला लागलं. भाऊ, दादा, अण्णांचे वाढदिवस, बोट रोखून उभे, खाली शुभेच्छुकांच्या पन्नास मुंड्या. क्लासवाल्यांची पोरं गळ्यात मार्क लटकवून. वजन उतरवा, केस उगवा, प्लॉट घ्या, मुलगा हमखास परदेशात. रिक्षाच्या पाठीवर, खांबांवर, पंपावर तेल भरताना नळाच्या डोक्यावर, एटीएमच्या पावतीच्या मागे. जेवताना फोन यायचा, "सर, आपल्याला प्री-अप्रूव्ह्ड..." तो शिवी हासडून ठेवायचा आणि दुसरा यायचा. आईच्या मेंदूचा फोटो ज्या पाकिटात मिळाला होता त्या पाकिटावर मॉड्युलर किचनची जाहिरात होती, आणि हे पावणेदोन महिने कपाटात पडून असताना त्यानं ती वाचलीसुद्धा नव्हती. एकदा मोबाइलवर त्यानं अर्धांगवायू हा शब्द शोधला काय, तेव्हापासून फोन त्याला म्हाताऱ्यांचे डायपर आणि चाकाच्या खुर्च्या दाखवत होता. हसत्या म्हाताऱ्या, हसते मुलगे. आमच्या दुखण्याचा वास येतो का रे तुम्हांला, असं तो बसमध्ये मोठ्यानं बोलला. शेजारचा फिटर त्याच्याकडे बघून म्हणाला, "काय झालं भावा?"

मग घरात मोहीम निघाली. टीव्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात. पतसंस्थेचं कॅलेंडर, बिल्डरनं ताबा देताना दिलेलं घड्याळ, दवाखान्याच्या नावाचा फ्रिजवरचा चुंबक, नगरसेवकानं वाटलेली पिशवी, सगळं एका पोत्यात. तेल, साबण, पावडर बिनानावाच्या डब्यांत. टी-शर्टवरचं कंपनीचं नाव त्यानं ब्लेडनं उसवलं तर छातीला भोक पडलं. भाग्यश्री महापालिकेच्या शाळेत शिकवायची, दिवसभर पन्नास पोरं सांभाळून आलेली बाई. तिनं दोन दिवस बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. शाळेत कधी जायचं ते कावळ्याला विचारू का? आणि हळद कुठली, तिखट कुठलं, वास घेऊन ओळखायचं?" तो म्हणाला, "माझ्या आईच्या डोक्यात घाण भरलीय आणि तुला तिखटाची पडलीय." ती शांतपणे म्हणाली, "निवेदिता मॅडम म्हणत होत्या, त्यांना बोलू द्या, टोकू नका. तुम्ही एकदा या माझ्याबरोबर, मी एकटीच जाते दर शनिवारी." निवेदिता मॅडम म्हणजे चिंचवडच्या वाचा-उपचारवाल्या. शनिवारी त्याचा ओव्हरटाइम असायचा. "बघू," तो म्हणाला, आणि मीठ असेल म्हणून साखर घातलेली आमटी तशीच जेवला.

आईला आता त्या वाक्याची चटकच लागली होती. पाणी हवं असेल तरी तेच, कूस बदलायची असेल तरी तेच. चालीत मात्र फरक. दुखलं की ते वाक्य कण्हत यायचं, शालनबाई, दिवसा तिच्यापाशी बसणारी मावशी, केस विंचरायला लागली की लाडात यायचं, आणि संध्याकाळी बुद्धरत्न दारात चपला काढताना आतून ते हाक मारल्यासारखं यायचं, शेवटाला वर जात. शालनबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. "फ्लॅट फ्लॅट म्हणल्या की पाणी, अन् दमानं म्हणल्या की शू," असं तिनं ठरवून टाकलं होतं आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर यायचं. पण बुद्धरत्नला ते वाक्य ऐकलं की राहवायचं नाही. "नाही आई. हे नाही. आपलं काही तरी बोल. वंदना म्हण, मी सुरुवात करतो." तो हात जोडून सुरुवात करायचा, ती त्याच्या ओठांकडे बघत राहायची आणि मग मोठ्या आनंदानं म्हणायची, फक्त अकराच फ्लॅट शिल्लक. एकदा त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही, पण ठेवला. "गप्प. हे बोलायचं नाही. कळलं? हे तुझं नाही." तिनं हाताखालून पुन्हा एकदा सांगून बघितलं. त्याच्या तळव्याला ओठ हललेले लागले. त्यानं हात काढला नाही.

सोसायटीचे चेअरमन यशवंतराव म्हणजे इथले मूळचे. या टॉवरखाली त्यांचा मळा होता. त्यांच्या दारात बुद्धरत्न अर्ज घेऊन उभा राहिला, तळहातावरचा आकडा तोपर्यंत पुसट झाला होता तरी त्यानं तो दाखवला. "यशवंतराव, घरात येताना तरी माणसाला सोडा. रस्ता तुमचा नाही मान्य आहे, पण ही लॉबी आपली आहे. माझी आई गेली त्यात." यशवंतराव चष्म्यावरून बघत राहिले. "गिरजाबाई व्हय? आवं, लई चांगली बाई. रोज मला म्हणायची, पाटील, च्या घेतला का. म्या म्हणायचो न्हाई, तर म्हणायची मंग बसा." बुद्धरत्नला हे माहीत नव्हतं. "मेंटेनन्सचं काय म्हणतील लोक?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "म्हणूद्या. काढाय सांगतो." तीन आठवड्यांनी स्क्रीन निघाली. भिंतीत चार भोकं उरली. त्या संध्याकाळी बुद्धरत्न पेढे घेऊन घरी गेला आणि कँटीनमधला तो कागद काढून त्यानं त्यावर लिहिलं, उपाय पूर्ण.

आईसुद्धा त्याच आठवड्यात थांबली. स्क्रीनशी त्याचा संबंध नव्हता, ती काही खाली जात नव्हती. तिनं आपणहून तोंड मिटलं. पहिले दोन दिवस बुद्धरत्नला वाटलं, सुटलो. मग चार दिवस, आठ दिवस. पाणी हवं असलं तरी ती ग्लासाकडे नुसती बघायची, कोणाचं लक्ष गेलं तर ठीक, नाही तर नाही. तो चपला काढत असताना आतून काही यायचं नाही. "आता मागतच न्हाईत काही," शालनबाई निघताना म्हणाली. "तुम्ही नसताना पण न्हाई. म्या म्हणलं बोला वं आजी, फ्लॅट म्हणा, तर माझ्या तोंडावर हात ठिवला." शनिवारी त्यानं ओव्हरटाइम सोडला.

निवेदिता मॅडम त्याच्यापेक्षा वयानं लहान होत्या, पण त्यांनी त्याला शाळेतल्या मुलासारखं समोर बसवलं. आई शेजारी चाकाच्या खुर्चीत, मान खाली. मॅडमनी दहा मिनिटं प्रयत्न केला आणि मग विचारलं, "घरी काय झालं?" त्यानं सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच सांगितलं, दोनशे चाळीसचा आकडा, टीव्ही, स्क्रीन. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला ते वाक्य जाहिरातीचं ऐकू येतं. त्यांना येत नाही. आत त्या 'पाणी दे' म्हणतात, 'जेवलास का' म्हणतात, तुमचं नाव घेतात, आणि त्यांना वाटतं तेच बाहेर पडलं. बाहेर काय पडतंय हे त्यांना ठाऊकच नाही. तेवढी एकच वाट उघडी राहिली होती. त्याच्यावरूनच हळूहळू दुसरे शब्द आणायचे असतात. मी ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." बुद्धरत्नला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. दारात चपला काढताना जे आतून यायचं ते 'रतन, आलास का' होतं. आई त्याला रतनच म्हणायची. ती म्हणत होती रतन, आलास का, आणि तो म्हणत होता गप्प बस, हे तुझं नाही. पहिल्या दिवसापासून. कान इतका कसा बहिरा असतो माणसाचा? बापाच्या मयताला तो रडला नव्हता, पण त्या बाईसमोर त्याला खोटं खोकावं लागलं.

परतताना आई रिक्षातून बाहेर बघत होती आणि त्याला तो कागद आठवत होता. तिसऱ्या रेघेनंतरच्या दोन रेघा कोऱ्याच होत्या. आई लिफ्टसमोर का बसायची? कारण तिथे माणसं येतात. माणसांसाठी लिफ्टसमोर का बसावं लागायचं? रुळांशेजारची खोली सोडून आपणच तिला वर आणलं, तिथे ती ओट्यावर बसली की वस्ती जमायची. इथे दहा तास बंद दार. रात्रीच्या जेवणाला तो काय बोलायचा तिच्याशी? जेवलीस का. गोळी घेतलीस का. झोप आता. त्यानं मोजायचा प्रयत्न केला. चांगल्या दिवशी सात वाक्यं झाली असतील. सात एका बाजूला आणि दोनशे चाळीस दुसऱ्या बाजूला, मग मेंदूनं जे जास्त आलं ते ठेवलं, त्याची काय चूक? त्याला राग येत होता, आणि तो राग पहिल्यासारखाच होता, फक्त आता तो कोणावर फेकायचा ते कळत नव्हतं. त्या पोरीवर होताच. अजूनही तिचे दात पाडावेसे वाटत होते. एकटी म्हातारी बघून तिच्यासमोर दिवसभर बोलत राहायचं, तिला काही विकायचं नाही, तिच्याकडून काही ऐकायचं नाही, बोलत मात्र राहायचं. पण निदान ती पोरगी तिच्याशी बोलत होती. हा विचार आला तेव्हा त्यानं रिक्षाच्या दांडीवर इतक्या जोरात हात मारला की रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं.

आईला वर पोचवून तो तसाच यशवंतरावांकडे गेला. ते दुपारचा चहा घेत होते. "स्क्रीन परत लावा," तो म्हणाला. यशवंतरावांनी कप खाली ठेवला. "आवं, काय पोरखेळ हाय का? तुमीच काढली न्हवं?" "मी काढली. मीच म्हणतोय लावा. एक जाहिरात तरी. ती फ्लॅटची." त्यानं अडखळत कारण सांगितलं. यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच फोन लावला, दोन माणसांशी बोलले, एकाला रागवलेसुद्धा. मग फोन ठेवून म्हणाले, "ती पेटी गेली दुसऱ्या सोसायटीत. अन् ती जाहिरात कुटंच न्हाई आता. ते फ्लॅट कवाच खपले म्हणतोय. पहिल्या दोन म्हैन्यातच. ती नुसती फिरत व्हती, कोनी काढली न्हाई म्हणून. आता पुसून टाकली." खुर्ची पुढे सारत ते म्हणाले, "बसा. च्या घ्या." बुद्धरत्न बसला नाही. हसावं की काही फोडावं हे त्याला कळेना. वर्षभर त्याच्या आईला जे सांगितलं गेलं त्याला काही अर्थसुद्धा नव्हता, विकायला काही उरलंच नव्हतं. त्यांचं काम झालं, त्यांनी पुसलं. आता ते वाक्य जगात एकाच ठिकाणी होतं आणि तिथेही त्यानं बोळा कोंबून ठेवला होता.

तो जिन्यानंच वर गेला. नऊ मजले, मधे कुठे थांबला नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. भाग्यश्री तिची पाठ चेपत होती, त्याचा चेहरा बघून ती बाजूला झाली. तो कॉटच्या कडेला बसला आणि त्यानं धापा टाकतच ते वाक्य म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते निघत होतं आणि ओकारी यावी तसं निघालं. आईनं खांदे आखडून घेतले. तिला वाटलं असेल, पुन्हा ओरडतोय. त्यानं तिला कुशीवरून आपल्याकडे वळवलं. पुन्हा म्हटलं, यावेळी हळू. मग शेवट वर नेत, ती दारातल्या माणसाला विचारायची तसं. बायकोसमोर, उघड्या दारासमोर, सेहेचाळीस वर्षांचा माणूस आईला फ्लॅट विकत बसलाय, असं कोणी जिन्यातून बघितलं असतं तर वाटलं असतं, आणि त्याला त्याची लाज वाटत होती, संतापही होता, तरी तो थांबला नाही. त्यात त्यानं आपलं घातलं, आई, आलो मी. आई, चुकलं माझं. आई, बोल. बाहेर मात्र ते एकच वाक्य पडत होतं. कितव्यांदा तरी आईचा डावा हात उठला. तो त्याच्या तोंडावर येईल म्हणून बुद्धरत्ननं डोळे मिटून घेतले. तिनं त्याचं मनगट पकडलं आणि त्याची बोटं ओढून आपल्या गळ्यावर नेऊन ठेवली. तिचे ओठ मिटलेलेच होते. बोटांखाली काही तरी थोडंसं थरथरलं आणि थांबलं. त्यानं पुन्हा म्हटलं.